सांडणीचे दूध

‘दूध’ हा शब्द आपल्या भाषेत उच्चारला की त्याच्या पाठीशी गाय आपोआप येऊन उभी राहते. फार तर म्हैस. शेळीचे दूध घरात आलेच तर ते औषध म्हणून येते, आणि त्याचा उल्लेखही जरा हळू आवाजातच होतो. उंटाचे नाव तर या यादीत कोणी घेतच नाही. मराठी माणसास उंट माहीत आहे तो म्हणींतला. शेळ्या हाकायच्या त्या उंटावरून, आणि न मागता शहाणपण शिकवायला येतो तोही उंटावरूनच! इतिहासाच्या पुस्तकात सांडणीस्वार धापा टाकीत येतो, थैली हवाली करतो आणि निघून जातो. त्याच्या खालच्या सांडणीला पिलू असेल, तिलाही पान्हा फुटत असेल, असा विचार निदान आमच्या मनात तरी पन्नाशी उलटेपर्यंत कधी आला नव्हता.

तसे पाहिले तर आपल्या पूर्वजांना हे दूध अपरिचित नव्हते. चरकसंहितेत आठ प्रकारची दुधे मोजली आहेत: मेंढी, शेळी, गाय, म्हैस, सांडणी, हत्तीण, घोडी आणि स्त्री. सांडणीचे दूध रुक्ष, उष्ण, किंचित खारट व पचावयास हलके असून पोटफुगी, कृमी, सूज, उदर आणि मूळव्याध यांवर उपयोगी, असा त्याचा गुणधर्मही तेथे दिला आहे. उलट मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात हेच दूध वर्ज्य पदार्थांत घातले आहे. वैद्याने ज्यास औषध म्हटले त्यास स्मृतिकाराने अभक्ष्य ठरविले. सामान्य गृहस्थाने या दोघांपैकी कोणाचे ऐकावे, हा प्रश्न ज्याच्या घरी सांडणी नाही त्यास पडण्याचे कारण नाही. आम्हांस तो पडला, याचे कारण आमचा नातू.

मूल वर्षाचे होईतो आईच्या दुधावर उत्तम वाढले. पुढे पहिल्यांदा गाईचे दूध दिले, त्याच दिवशी अंगावर गांधी उठल्या, ओकारी झाली आणि रात्रभर मूल कळवळत राहिले. दुसऱ्या खेपेस तोच प्रकार. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी तपासून निदान केले की, या बाळास गाईच्या दुधातील प्रथिनेच सोसत नाहीत. पुष्कळांस दुधातील साखर पचत नाही, परंतु तो विकार निराळा. त्यात पोट बिघडते, पण शरीर दुधाला शत्रू मानीत नाही. येथे शरीराने शत्रुत्वच पत्करलेले होते.

मग शेजारधर्म जागा झाला. कोणी म्हशीचे दूध सुचविले, कोणी शेळीचे. परंतु डॉक्टरांनी समजावून दिले ते असे की, गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही सारी शिंगवाल्या एकाच कुळातली जनावरे. त्यांच्या दुधातील प्रथिने एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की, एकीचे ज्याला बाधते त्याला दुसरीचेही बहुधा बाधतेच. प्रथिनांचे बारीक तुकडे करून बनविलेली डब्यातली भुकटी मिळते. ती आम्ही आणली. तिचा दर ऐकून प्राध्यापकाचाही जीव दडपतो. आणि इतके करून तिच्या कडवट वासाने मूल तोंड फिरवी. नाचणीची पेज, डाळीचे पाणी, अंडे यांवर गाडा चालला होता. पण वजनाचा काटा मात्र हलत नव्हता. सूनबाई दर रविवारी बाळास काट्यावर ठेवी आणि आकडा कोणी विचारण्याच्या आत स्वयंपाकघरात निघून जाई. अशा दिवसांत एकदा डॉक्टर सहज बोलून गेले, “उंटिणीचे दूध मिळाले असते तर देऊन पाहता आले असते. पण चंद्रपुरात ते कोठून मिळणार?”

त्यामागची उपपत्ती अशी. उंट हा दक्षिण अमेरिकेतल्या लामाचा भाऊबंद. गाईम्हशींच्या कुळाशी त्याचे नाते फार दूरचे. गाईच्या दुधातील ज्या प्रथिनांमुळे मुलांना बाधा होते त्यांपैकी एक प्रमुख प्रथिन, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, सांडणीच्या दुधात नसतेच. आईच्या दुधातही ते नसते. उरलेल्या प्रथिनांची घडणही बरीच वेगळी असते. म्हणून गाईचे दूध न सोसणाऱ्या पुष्कळ मुलांना हे दूध सोसते. ‘पुष्कळ’ म्हणजे ‘सर्व’ नव्हे, आणि म्हणून पहिला घोट वैद्याच्या डोळ्यांदेखतच द्यावयाचा. शिवाय एक वर्षाच्या आतील अर्भकास आईच्या दुधाऐवजी ते देण्याजोगे नाही, हेही त्यांनी निक्षून सांगितले.

चंद्रपूर म्हटले म्हणजे वाचकांच्या डोळ्यांसमोर ताडोबाचे वाघ, कोळशाच्या खाणी, गोंड राजांचा परकोट आणि पुढे गडचिरोलीपर्यंत पसरलेले साग-बांबूचे अरण्य येईल. या चित्रात उंट कोठे बसणार? पण तो बसतो. कच्छमधील रबारी लोक आपल्या मेंढ्या, शेळ्या व उंट घेऊन पिढ्यान्‌पिढ्या विदर्भात हिंडत आले आहेत. वर्धा, यवतमाळ, नागपूर, चंद्रपूर हा त्यांचा नित्याचा टापू. त्यांच्यातील कित्येकांचा जन्मच मुळी इकडचा. सुगी उरकून शेते मोकळी झाली की शेतकरी खतासाठी आपल्या रानात त्यांच्या मेंढ्या बसवितो आणि त्याबद्दल त्यांना धान्य वा पैसे देतो. उंटांच्या पाठीवर बाजा, गोधड्या, भांडी, कोकरे आणि वर एखादे पोर असा सारा संसार लादून हा काफिला सडकेच्या कडेने जाताना आम्ही वर्षानुवर्षे मोटारीच्या खिडकीतून पाहिला होता. पाहिला होता म्हणजे, आमची गाडी अडली म्हणून पाहिला होता. पुष्कळ लोक त्यांना सरसकट ‘काठेवाडी’ म्हणतात आणि त्यांचा तांडा गावाशी उतरला की पिकांची राखण वाढवितात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने वरोऱ्याकडून निरोप पाठविला की, त्याच्या शेताशेजारी रबाऱ्यांचा डेरा उतरला असून त्यांत दोन दुभत्या सांडण्या आहेत. आम्ही आणि चिरंजीव चरवी घेऊन गेलो. कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेल्या रानात चार-पाच बाजा उभ्या करून त्यांचा आडोसा केला होता. पांढरी आखूड केडियू घातलेला एक वृद्ध रबारी बाहेर आला. आम्ही येण्याचे कारण सांगितले आणि दर विचारला. त्याने मान हलविली.

“विकत नाही जी आम्ही. लेकराले पायजे असन त नेऊन घ्या.”

आम्ही पुन्हा पैशांची गोष्ट काढली तेव्हा त्याचा चेहरा किंचित उतरला. राजस्थानातील रायका आणि कच्छमधील रबारी हे एकाच रक्ताचे लोक. रायकांमध्ये तर सांडणीचे दूध विकणे हे पोटचे पोर विकण्यासारखे मानीत. उंट शंकर-पार्वतीने घडविला आणि त्याला राखण्यासाठी पहिला रबारी निर्माण केला, अशी त्यांची समजूत. देवाने राखावयास दिलेल्या जनावराचे दूध मापाने कसे विकावे? अर्थात काळ बदलला आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली या दुधाची मानके ठरविली. २०१९ च्या जानेवारीत अमूलने कच्छच्या सरहद डेअरीचे दूध अर्ध्या लिटरच्या बाटलीत भरून ५० रुपयांना विक्रीस काढले, आणि तिकडच्या उंटपाळांना हाती चार पैसे येऊ लागले. पण वरोऱ्याच्या रानात अजून जुनाच कायदा चालू होता.

धार काढण्याचा प्रकार आम्ही तेथे प्रथम पाहिला. आधी पिलू सोडले. ते ढुसण्या देऊन पिऊ लागले, सांडणीने पान्हा सोडला, आणि मग वृद्धाच्या मुलाने एका पायावर उभे राहून, दुसरा पाय मुडपून, मांडीवर भांडे टेकवून धार काढावयास आरंभ केला. गाईप्रमाणे खाली बसून येथे चालत नाही. कास फार उंच. पान्हा मिनिटा-दोन मिनिटांचाच. पिलू जवळ नसेल तर तोही नाही. कासेला चार सड. त्यांतले दोन पिलाचे आणि दोन माणसाचे, अशी त्यांची वाटणी. सांडणी सुमारे तेरा महिने गाभण राहते आणि दोन वर्षांतून एकदा विते. त्यामुळे या दुधाची रेलचेल कधी होत नाही, हे आमच्या ध्यानात आले.

निघताना आम्ही विचारले, “दादा, पैसे घेत नाही, तर दुसरे काय करू?” त्याने आम्ही काय काम करतो ते विचारले. कॉलेजात शिकवितो असे सांगताच तो म्हणाला, “मग एका कागदावर लिहून द्या जी, का हे उंट आमचं घर वाह्यतेत आन्‌ लेकरायले दूध देतेत. कापाले नेत नाही आम्ही.”

या मागणीचे मूळ आम्हांस ठाऊक होते. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात कच्छी उंटपाळांचे ५८ उंट कत्तलीसाठी नेले जात असल्याच्या तक्रारीवरून अडविण्यात आले. उंटपाळांवर गुन्हा नोंदविला गेला, उंट गोरक्षण संस्थेच्या आवारात ठेवण्यात आले आणि मालकांना न्यायालयात दाद मागावी लागली. ही बातमी आम्ही तेव्हा चहा पिता पिता वाचली होती. या लोकांच्या डेऱ्यांत ती भीती बनून राहिली होती. मराठीच्या प्राध्यापकाच्या सहीला नाक्यावरचा शिपाई काय किंमत देणार, हे आम्हांस कळत होते. तरी चिरंजीवांकडून कोरा कागद घेऊन, मोटारीच्या टपावर ठेवून, शक्य तितक्या सरकारी भाषेत आम्ही ते प्रमाणपत्र लिहिले. त्याने ते चौघडी करून पागोट्यात खोचले.

घरी दुसरेच प्रकरण वाट पाहत होते. आमच्या मातोश्री ८१ वर्षांच्या. चरवी ओट्यावर ठेवताच त्या म्हणाल्या, “अरे, शास्त्राने नको म्हटलेले दूध या घरात आणलेस?” आम्ही चरकाचा हवाला दिला. त्यावर, “चरक काय घरोघर जेवायला येतो?” असे उत्तर मिळाले. आम्ही गप्प बसलो. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, “तिचं पिलू केवढं आहे?” आम्ही म्हटले, पाच-सहा महिन्यांचे. “त्याला पुरतं का रे?” दोन सड त्याच्यासाठी राखतात असे आम्ही सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत; उठून त्यांनी पातेले धुतले आणि दूध तापत ठेवले. मूल आजारी असता त्याच्या उशाशी ज्या रात्री त्यांनी काढल्या होत्या, त्यांच्यापुढे स्मृतिकाराचे काही चालले नसावे.

कच्चे दूध कोणी पिऊ नये. कोणत्याही जनावराच्या कच्च्या दुधातून रोग येऊ शकतात, उंटाच्या तर नक्कीच. तेव्हा चांगली उकळी आणून आम्ही मोठ्यांनी प्रथम चव घेतली. रंग शुभ्र, दूध पातळ, साय नाममात्र. पहिल्यांदा गोडसर लागते आणि घोट गिळल्यावर जिभेवर मिठाची पुसट आठवण राहते. सांडणीने काय चारा खाल्ला त्यावरही चव फिरते म्हणतात. चहा मात्र त्याचा फर्मास होतो. सूनबाईंनी राहिलेल्या दुधाला विरजण लावून पाहिले. दही लागले नाही, सकाळी भांड्यात नुसते आंबट पाणीदार दूध होते. यातही शास्त्र आहे. दूध थिजविणारे कप्पा-केसिन या दुधात फार थोडे असते आणि स्निग्धाचे कण अतिशय बारीक असतात. म्हणून दही घट्ट होत नाही, लोणी सहजी निघत नाही, आणि चीज करणाऱ्यांना निराळ्या उपायांची कास धरावी लागली. ज्या संस्कृतीचा जीव दही, ताक, लोणी आणि तूप यांत गुंतला आहे, तिने सांडणीस गोठ्यात जागा दिली नाही याचे एक कारण कदाचित स्मृतीत नसून विरजणाच्या भांड्यातच असेल.

दोन दिवसांनी डॉक्टरांच्या दवाखान्यात, सर्व सिद्धता जवळ ठेवून, बाळाच्या जिभेवर दुधाचे थोडे थेंब घातले. अर्ध्या तासाने एक चमचा, मग दोन. तीन तास आम्ही चौघे त्याच्या अंगाकडे पाहत बसलो होतो. गांधी उठल्या नाहीत. ओकारी झाली नाही. चौथ्या तासाला तो खुर्चीखाली शिरून डॉक्टरांच्या जोड्याचा बंद सोडीत होता. सूनबाई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. पुढचे आठ दिवस निर्विघ्न गेले तेव्हा कोठे आम्ही मोकळा श्वास घेतला.

येथे वाचकांस एक सूचना करणे अवश्य आहे. या दुधाविषयी सांप्रत वाटेल ते बोलले जाते. बिकानेर येथे उंटावरील राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. त्याच शहरातील वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजेंद्र अग्रवाल यांच्या चमूने लहान वयात जडणाऱ्या मधुमेहाच्या रोग्यांस रोज अर्धा लिटर हे दूध देऊन पाहिले, आणि काहींची इन्सुलिनची गरज उतरल्याचे नोंदविले. परंतु ते प्रयोग थोड्या रोग्यांवरचे. इन्सुलिन सोडून दूध प्यावे असे त्यांतून मुळीच निघत नाही. साऱ्या असाध्य विकारांवर रामबाण म्हणून जो डबा विकला जातो, त्याच्यावरील अक्षरे जितकी मोठी तितका आपण हात आखडता घ्यावा. एका मुलास दूध सोसले, एवढीच आमची साक्ष.

आणि ते मिळावयाचे किती दिवस? तीन आठवड्यांनी डेरा हलला. चिरंजीव नेहमीप्रमाणे चरवी घेऊन गेले तो रानात चुलीचे दगड तेवढे होते. आता कच्छ-राजस्थानकडून भुकटीचे डबे येतात. स्वस्त नाहीत, पण त्या पहिल्या भुकटीसारखे मूल त्यांना नाकारीत नाही. ते निपजविणाऱ्या उंटांची स्थिती मात्र चिंता करण्याजोगी आहे. २०१२ साली देशात सुमारे ४ लाख उंट होते; २०१९ च्या पशुगणनेत ते अडीच लाखांवर आले. ओझ्यासाठी ट्रक आला, शेतासाठी ट्रॅक्टर आला, चराऊ राने कुंपणात गेली. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ हे वर्ष उंटकुलाचे वर्ष म्हणून पाळले. पण उंटाला वर्ष नको, चरावयास वाट हवी.

आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेस, १९८२ साली वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत, भामरागडच्या बाजूस माडिया लोक राहतात. गाई पाळूनही त्यांचे दूध न काढण्याची त्यांची जुनी रीत आहे. दूध वासराचे, असे ते मानीत आले. लहानपणी आम्हांस हे अडाणीपण वाटे. आज तसे म्हणवत नाही. त्यांची रीत आम्ही उचलू शकणार नाही. आमचे मूल दुधावाचून वाळत होते हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु दूध हे मूळचे दुसऱ्याच्या लेकराचे असून आपण ते मागून घेतो, ही गोष्ट माडियाला ठाऊक आहे, रबाऱ्याला ठाऊक आहे, आणि मातोश्रींनाही ठाऊक होती. पिशवीतल्या दुधावर वाढलेल्या आम्हा शहाण्यांनाच तेवढी ती शिकावी लागली.

डॉक्टर म्हणतात, अशी बहुतेक मुले चार-पाच वर्षांची होईतो गाईचे दूध सोसू लागतात. पुढल्या वर्षी पुन्हा परीक्षा करून पाहू. तसे झाले म्हणजे डबे बंद होतील. मात्र कापूस निघाल्यावर वरोऱ्याचा तो विद्यार्थी यंदाही आपल्या रानात मेंढ्या बसविणार आहे, आणि डेरा उतरताच आम्हांस कळवावे असे आम्ही त्यास सांगून ठेवले आहे. आता दुधासाठी जावयाचे नाही. पावसाने तो कागद एव्हाना खराब झाला असेल. नवा लिहून द्यावयाचा आहे.